मुकी सहाण

पाहुण्यांनो, चपला खाली काढा आणि फोन हातात धरूनच या सहाणेवर चढा. बघितलंत? रेंजच्या काड्या गेल्या. दोन पावलं उतरा, परत येतील. टेकडीवर टॉवर आहे, नांदघोळच्या दोन्ही वाड्यांत घरोघर व्हिडिओ चालतात. पण शिमग्यात देवाची पालखी ज्या ओट्यावर बसते, त्यावर रेंज म्हणून टिकत नाही. टॉवरवाले दोनदा मोजून गेले म्हणे, डोकं खाजवत.

असं सांगतात की गावात पहिली तार आली ती खालच्या वाडीत, मग पोस्टाचा काळा फोन आला तो वरच्या वाडीत, आणि दोन्ही वेळा डोकी फुटली. पुढे इंटरनेटची वायर घाट उतरून आली तेव्हा ती आधी कुणाच्या दारात जाणार, यावरून कोयते निघाले. पालखीचा पहिला मान खालच्या वाडीचा, तर वायरीचाही आमचाच, असं खालचे म्हणत. वरचे म्हणत, वायर आमच्या बांधावरून उतरते, बघू पुढे कशी सरकते ती. वायरीचे खांब रोवणारे आठ दिवस आंब्याखाली बसून राहिले. शेवटी गावकारांनी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांनी, तोड काढली. कॉम्प्युटर सहाणेशेजारच्या पत्र्याच्या खोलीत ठेवायचा, आणि मान पालखीचाच लावायचा. आधी खालची वाडी बसेल. ती आपणहून उठली की वरची. देवाचा कायदा यंत्राला लावला, तिथं गाव चुकलं.

वरच्या वाडीत द्रुपदा गोणबरे राहायची. नवरा गेलेला, पदरात एकच लेक, सुरेखा. पोरगी बारावी झाली आणि म्हणाली, आये, मी नर्स होणार. त्याचा फॉर्म यंत्रातूनच जायचा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत, आणि तालुक्याची एसटी सकाळीच निघून गेलेली.

द्रुपदा लेकीला घेऊन उन्हं चढायच्या आधी खोलीच्या दारात उभी राहिली. आत खालच्या वाडीचा शिवराम भेकरे पाच-सहा जणांना घेऊन बैलांच्या शर्यती बघत बसला होता.

"तात्या, पोरीचा फॉर्म हाय. अर्धा तास द्या."

"आमचा मान सरला की तुमचा, गो. वरच्यांनीच मान्य केलंय ना?"

"बैल काय पळून जातायत व्हय?"

"जातायत की! बघ, कसे पळतायत!" आत हशा पिकला.

दुपार झाली. द्रुपदा उंबऱ्यावरून हलली नाही, पाणीसुद्धा प्यायली नाही. लेकीच्या हातातली गुणपत्रिका घामानं मऊ पडत चालली. ते बघून म्हणा, की हसून कंटाळून म्हणा, चार वाजून गेल्यावर शिवराम उठला. "चला रे, उठा. बस गो पोरी. माझ्याकडं बघू नको, यंत्राकडं बघ."

सुरेखानं नाव भरलं, गुण भरले. फोटो चढत होता, पडद्यावर चकरी फिरत होती. आणि चकरी थांबली. सगळंच थांबलं.

खोलीपुढच्या वळणावर द्रुपदाचा धाकटा दीर दत्ताराम उभा होता, हातात कोयता, पायाशी तुटलेली वायर. खालचे दिवसभर उठले नाहीत, एवढंच त्याच्या कानावर गेलं होतं. "वयनी, आता बघू दे त्यांना बैल!" छाती पुढं काढून म्हणाला तो. तेवढ्यात सुरेखा खोलीबाहेर आली, आणि तिचं तोंड बघून त्याला कळलं, आपण कुणाची वायर तोडली ते.

द्रुपदा रडली नाही. सहाणेवर चढली. देवाला गाऱ्हाणं घालायचं काम पुरुषाचं, पण तिनं पदर खोचून घातलं. "बा देवा म्हाराजा! ज्या मानापायी माझ्या लेकीचं वाटोळं झालं, त्याची वायर तुझ्या दारात बोलू देऊ नको. हितनं पुढं जो कोण पोरीच्या कामाच्या आड येईल, वरचा असो का खालचा, त्याचा खांदा तुझ्या पालखीला लागू देऊ नको!"

गाऱ्हाण्याला गावानं हुंकार द्यावा लागतो, नाहीतर ते देवापर्यंत पोचत नाही. वायर तुटल्याचं ऐकून जमलेली अख्खी वरची वाडी माना खाली घालून उभी. तेव्हा मागून शिवराम भेकऱ्याचा आवाज आला म्हणे, "व्हय म्हाराजा!"

पुढच्या वैशाखात सुरेखाचं लग्न लावून दिलं. नर्स ती झाली नाही. दत्तारामानं पुढं कधी पालखी उचलली नाही, आणि सहाण मुकी झाली ती झालीच.

वाड्यांचं वैर मिटलं असं कुणी सांगितलं तर मानू नका. आजही एकमेकांच्या लग्नाला कुणी जात नाही. पण सहाणेजवळून शाळेत हलवलेल्या कॉम्प्युटरवरून कुठल्याही पोरीचा फॉर्म जायचा असला, की दोन्ही वाड्यांतून एकेक गडी येऊन वायरीच्या खांबाला पाठ लावून उभा राहतो. एकमेकांशी बोलत नाहीत, तंबाखूसुद्धा मागत नाहीत, नुसती नजर ठेवतात. पोरगी बाहेर येऊन "गेला" म्हणाली, की दोघे आपापल्या वाटेनं निघून जातात.