विझलेल्या पडद्यातला उजेड

एकदा एका वृद्ध तंत्रज्ञाकडे विभावरी नावाची मुलगी टीव्हीच्या पडद्याचे रंग जुळवण्याची विद्या शिकत होती. त्या तंत्रज्ञांना सगळे मास्तर म्हणत. हात बसल्यावर तिने स्वतःसाठी एक स्वस्तातला रंगमापक, म्हणजे पडद्याचा रंग आणि उजेड मोजणारे छोटे यंत्र, घेतला आणि पहिलेच काम स्वीकारले ते शेजारच्या गल्लीतल्या मालिनीकाकूंचे. काकूंचे यजमान चार महिन्यांपूर्वी वारले होते. ते गेल्यापासून टीव्हीवरची माणसे लालसर दिसू लागली होती, एवढीच काकूंची तक्रार.

भर दुपारी खिडकीचे पडदे ओढून विभावरीने खोलीत अंधार केला. रंगमापक टीव्हीवर टेकवला, त्याची तार लॅपटॉपला जोडली. पांढरा रंग नीट आला, करडाही आला. काळ्या पडद्यावर मात्र आकडा शून्याशी थांबेना. किंचित चढे, किंचित उतरे, पुन्हा चढे. कुणाचा तरी श्वास चालावा तसा. तिने टीव्ही बंद केला. आकडा हलतच राहिला. तिने प्लग काढला. तरीही तेच.

"काय दाखवतंय गं?" काकूंनी विचारले.

विभावरीच्या अंगावर काटा आला होता. ती बोलून गेली, "पडद्यात उजेड आहे, काकू. टीव्ही बंद आहे, तरी आहे."

काकू टीव्हीजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "हे याच वेळेला बसायचे टीव्हीपुढे."

आठ दिवसांनी काकूंच्या शेजारणीने विभावरीला रस्त्यात गाठले. "काय सांगून आलीस तू त्यांना? खिडकी उघडत नाहीत. बंद टीव्हीसमोर बसून असतात, दोन कप चहा घेऊन. नाशिकला लेकीचे दिवस भरत आलेत, ती रोज फोन करते. तर म्हणतात, यांना एकटं टाकून कशी जाऊ?"

विभावरी तडक मास्तरांकडे गेली. तिने सारे सांगितले. मास्तरांनी टीव्हीविषयी एक अक्षरही विचारले नाही. त्यांनी रंगमापक मागून घेतला, फडताळातल्या स्टीलच्या डब्यात ठेवला, तार बाहेर काढून तिच्या लॅपटॉपला जोडली, झाकण लावले आणि वरून काळी घोंगडी घट्ट गुंडाळली.

"आता वाच," ते म्हणाले.

विभावरीने लॅपटॉपकडे पाहिले. आकडा चढत होता, उतरत होता. तोच श्वास.

"डब्यात कोण आहे?" मास्तरांनी शांतपणे विचारले.

तिने वरून डबा चाचपला. तेव्हा ते म्हणाले, "कुणी नाही. प्रत्येक यंत्राच्या पोटात थोडी कुरबुर चालूच असते; हा आकडा तिचाच. महागडं यंत्र ती स्वतःच वजा करतं. स्वस्त यंत्राला आधी झाकून संपूर्ण अंधार दाखवावा लागतो. ती पायरी तू गाळलीस. पण पोरी, तो दोष लहान आहे. यंत्राला 'काही नाही' असं म्हणताच येत नाही, ते आकडा देणारच. तुला मात्र 'मला कळत नाही' असं म्हणता येत होतं. तू का म्हणाली नाहीस?"

विभावरी खाली मान घालून उठली आणि डबा आणि घोंगडी घेऊन काकूंकडे गेली.

खोलीत तसाच अंधार होता. तिने मास्तरांनी केले होते तेच काकूंसमोर केले. काकूंनी घोंगडीत गुंडाळलेला डबा मांडीवर घेतला आणि हलणाऱ्या आकड्यांकडे पाहत राहिल्या. मग विभावरीने, मास्तर म्हणाले होते त्याप्रमाणे, यंत्राला 'हा अंधार म्हणजे शून्य' अशी ओळख करून दिली आणि ते बंद टीव्हीच्या काळ्या पडद्यावर टेकवले.

शून्य आले. ते हलले नाही.

"म्हणजे इथं कुणीच नव्हतं?" काकूंचा आवाज जेमतेम ऐकू आला.

कदाचित होतं, असे म्हणणे किती सोपे होते! ते शब्द विभावरीच्या ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले. "मला काहीच दिसलं नव्हतं, काकू. खात्री न करता बोलले मी. माझं चुकलं."

काकू रडतील असे तिला वाटले. त्या रडल्या नाहीत. त्या शून्याकडे टक लावून बसल्या. मग त्यांनी हात लांब करून लॅपटॉप मिटला.

"आठ दिवस बोलत होते मी त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "बरंच बोलायचं राहिलं होतं. ते झालं."

त्या उठल्या आणि त्यांनी खिडकीचा पडदा सारला. उन्हाने दोघींचे डोळे दिपले.

"माळ्यावर निळी बॅग आहे," काकू म्हणाल्या. "माझा हात पुरत नाही. तेवढी काढून दे."