आजाराच्या वाट्याची मूठ

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो. मोठ्यांनीही ऐकली तर बिघडत नाही. एका डोंगराच्या पायथ्याशी चुन्याच्या भट्ट्या होत्या. तिथली माणसं दिवसभर दगड भाजायची आणि संध्याकाळी मापभर ज्वारी घेऊन घरी जायची. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी ज्वारी नाही.

या लोकांची एक रीत होती. आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही. कोणी खोकला, की शेजारचा म्हणायचा, "चुना गेला असेल घशात." नाव घेतलं की आजार घर शोधत येतो, असं सगळे मानायचे.

तिथल्या एका म्हातारीने आपल्या ओसरीवर धान्याची रिकामी कणगी ठेवली. रोज प्रत्येकाने तिच्यात मूठभर ज्वारी टाकावी आणि जो अंथरूण धरेल त्याच्यासाठी त्यातून नदीपलीकडचा वैद्य आणावा, असं तिचं म्हणणं. लोकांच्या अंगावर काटा आला. "म्हातारे, पान वाढून ठेवलंस तर तो जेवायला येणारच," ते म्हणाले. मोजक्याच घरांनी मूठ टाकली.

सगळ्यांत जास्त भ्याली ती भिवरा. भट्टीच्या धुराने तिचा नवरा नेला होता आणि आता एक लेक तेवढी उरली होती. ती त्या ओसरीवरून जायचीसुद्धा नाही; लांबून वळसा घालायची.

पावसाळा सरता सरता लेक तापली. भिवराने ओठ घट्ट मिटून घेतले. कोणी विचारलं तर झोपली आहे म्हणायची आणि कामावर जायची, कारण नाही गेली तर चूल पेटायची नाही. परतल्यावर उंबऱ्यापाशी पाय अडायचा. आत पोरीचा श्वास ऐकू येईल ना, या धास्तीने ती दाराबाहेरच उभी राहायची.

एके सकाळी लेकीने आईला ओळखलं नाही. तेव्हा भिवरा धावत म्हातारीकडे गेली आणि तिने आजाराचं नाव मोठ्याने घेतलं.

"हिचा दाणाही नाही कणगीत," मूठ टाकणाऱ्यांपैकी एकजण कुरकुरला.

म्हातारी म्हणाली, "ताप काय मुठी बघून चढतो का रे?"

तिने कणगी पालथी केली. होतं नव्हतं ते नावाड्याला आणि वैद्याला गेलं. पोर वाचली.

पण ताप एका घरावर थांबला नाही. थोड्याच दिवसांत म्हातारीने अंथरूण धरलं. भिवरा दारोदार पदर पसरून फिरली. आता कोणी नाही म्हणत नव्हतं. पण रोजच्या ज्वारीतून उरणार ते किती? तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेली माणसं ती. नावेपुरतं धान्य जमलं, तोवर म्हातारीचा श्वास थांबला होता.

त्या संध्याकाळपासून भट्टीवरून परतणारा प्रत्येकजण ओसरीवर थांबू लागला. पहिली मूठ भिवराची पडली. भीती तिची गेली नव्हती. पण आता ती वळसा घालत नव्हती.

लक्षात ठेवायचं ते इतकंच: भीतीपोटी सगळ्यांनी आधी मूठ काढली नाही, तर पुढे ती कोणाच्या तरी जिवातून निघते.