रोमचा सरदार आणि लाकडी बादली

रोमचा सरदार ड्रुसियस जपानातल्या एका खेड्यात पोहोचला. कसा, ते विचारू नका; गोष्टीतले रस्ते आखूडच असतात. गावात गरम पाण्याचा हौद होता आणि ओतोमीबाई त्याची मालकीण.

तिने लाकडी बादली पुढे केली. "आधी इथे बाहेर अंग घासून धुवा, मग हौदात उतरा."

"आंघोळीआधी आंघोळ?" सरदार भडकला. "रोममध्ये आमचे हौद संगमरवरी आहेत, बाई! मी तिथे घामाघूम येतो आणि थेट पाण्यात उतरतो. मला अडवलंस, तर तुझ्या राजाला सांगून हौदाला कुलूप ठोकीन."

"नको नको, रोमचीच रीत पाळू," म्हणत ओतोमीबाईने बादली मागे घेतली.

तेवढ्यात दिवसभर मासे साफ करून कोळी आले. कोपरापर्यंत खवले, अंगाला तो वास. सवयीने ते बादल्यांकडे वळले.

"राहू द्या रे," ओतोमीबाई म्हणाली. "आज रोमची रीत आहे. सरदारांसोबत तसेच उतरा."

सरदाराने झडप घालून बादली हिसकावली. खसाखसा अंग घासत तो कोळ्यांवर ओरडला, "बघताय काय? बादल्या घ्या! आणि कानामागेसुद्धा घासा!"