पुष्करची मूठ

"म्हणजे माझ्यावर तुमचा विश्वास नाही, असंच ना बाई?"

पुष्कर दारातच उभा होता. काखेत जाडजूड प्रबंध, कपाळावर आठी.

बाई उकडलेल्या शेंगा सोलत होत्या. "आत ये आधी. भांडायचं तर बसून भांड. उभ्याने दम लागतो."

बाई म्हणजे डॉ. इंदुमती शिरगावकर, आमच्या विद्यापीठाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागाच्या प्रमुख. विद्यापीठात 'मॅडम' पुष्कळ आहेत, 'बाई' मात्र एकच. पुष्कर नाईकनवरे त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होता. मी हेमांगी, मीही त्यांचीच विद्यार्थिनी. माझं टेबल बाईंच्या खोलीतच खिडकीपाशी असल्यामुळे मला न विचारता सगळं ऐकायला मिळतं.

पुष्कर हुशार आहे. हे मी मोकळेपणाने कबूल करते, कारण मी नाही म्हटलं तरी तो स्वतः सांगतोच.

त्याचा विषय होता शेवग्याचा पाला. पाल्याची पूड भरलेली कॅप्सूल म्हाताऱ्या माणसांनी रोज घेतली, तर मुठीत ताकद येते का? मूठ घट्ट असली की हातातून भांडं पडत नाही, जिन्याचा कठडा सुटत नाही, म्हातारं माणूस कोसळत नाही. विषय चांगलाच होता.

विद्यापीठाच्या टेकडीखालच्या गावातले आजी-आजोबा हौसेने आले. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. एका गटाला शेवग्याची कॅप्सूल, दुसऱ्याला नुसत्या तांदळाच्या पिठाची. दिसायला दोन्ही अगदी सारख्या. शेवटी प्रत्येकाच्या मुठीची ताकद यंत्रावर मोजली, आणि शेवगेवाले दणदणीत जिंकले.

कुलगुरू खूश झाले. वर्धापनदिनाला ते घोषणा करणार होते आणि मग जिल्ह्यातल्या सगळ्या वृद्धाश्रमांत ही कॅप्सूल जाणार होती. राहिली होती फक्त बाईंची सही, आणि बाई सही करत नव्हत्या. मार्गदर्शकाची सही नाही तर प्रबंध नाही. पुष्करची एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती.

"विश्वास आहे रे तुझ्यावर," बाई म्हणाल्या. "शेवग्यावरही आहे. आमटीत घालते की मी."

"मग सही?"

"मुठी कुणी मोजल्या?"

"मी."

"सगळ्यांच्या?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांच्या. एकाही आकड्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही." बोलताना त्याची छाती जरा पुढे आली.

"आणि कॅप्सूल कुणी भरल्या? वाटल्या कुणी?"

"मीच. दुसऱ्यावर सोपवलं की घोळ होतो, बाई."

"म्हणजे मोजताना समोरचं माणूस शेवग्याचं की पिठाचं, हे तुला ठाऊक होतं."

पुष्कर हसला. एखाद्या लहान मुलीने काहीतरी विचारल्यावर हसावं तसा हसला, आणि मला त्याचा मनापासून राग आला.

"मला ठाऊक होतं, पण त्यांना नव्हतं ना! कॅप्सूल मी थोडीच गिळत होतो? आणि आकडा यंत्र दाखवतं, बाई. लोखंडाला काय कळतं, कोण शेवग्याचं आणि कोण पिठाचं?"

बाईंनी एक दाणा तोंडात टाकला. सावकाश चावला...

"खरं आहे. लोखंडाला काही कळत नाही. आण तुझं यंत्र."

यंत्र साधंच आहे. दोन दांड्या, मध्ये स्प्रिंग, वर तबकडी. दांड्या मुठीत धरून दाबल्या की तबकडीतला काटा पुढे सरकतो.

बाईंनी हात धुतले, पुसले आणि खुर्चीत ताठ बसल्या. "मी दोन वेळा दाबणार. दोन्ही वेळा सगळा जोर लावून. अंगचोरी करणार नाही. आत्ता मी शेवग्याची, असं समज. गावातल्या लोकांचं मोजायचास तस्संच माझं मोज."

"दाबा बाई... हां... दाबा... अजून! अजून! येतोय काटा, येतोय... सोडू नका! थोडंच राहिलं, थोडंच... शाब्बास!"

पुष्कर खुर्चीतून अर्धा उठला होता. काटा तबकडीवरच्या लाल रेघेच्या चांगलाच पुढे गेला होता.

"चहा सांग गं हेमांगी," बाई हात चोळत म्हणाल्या.

चहा आला. आम्ही प्यायलो. बाईंनी बोटं मोकळी केली.

"आता मी पिठाची."

"हात तोच आहे, बाई."

"मोज."

"दाबा," पुष्कर म्हणाला. "... झालं? सोडा."

काटा लाल रेघेच्या अलीकडेच थांबला होता.

"तुम्ही मुद्दाम..." पुष्कर बोलायला गेला आणि गप्प झाला. बाई खोटं बोलत नाहीत, हे अख्ख्या विद्यापीठाला माहीत आहे. मागे एका मंत्र्याने व्यासपीठावरून उतरताना विचारलं होतं, "कसं झालं भाषण?" बाई म्हणाल्या होत्या, "लांबलं."

"तुमचा हात दमला असणार," पुष्कर म्हणाला. "पहिल्या वेळेचा थकवा."

बाई एकदम खुलल्या. "वा! हे मात्र बरोबर बोललास. मग उलटं करू या. हेमांगी, तू ये. हिला आधी पिठाची समज, मग शेवग्याची."

"आणि या वेळी मी तोंड उघडणार नाही," पुष्कर म्हणाला. त्याच्या लक्षात यायला लागलं होतं. एवढा काही तो ठोंब्या नाही.

मी बसले. पहिल्यांदा पिठाची म्हणून दाबलं, दात-ओठ खाऊन. पुष्कर गप्प. काटा लाल रेघेपाशी थांबला. थोडं थांबून मी पुन्हा दाबलं, आता शेवग्याची म्हणून. पुष्कर गप्पच. पण तो टेबलावर असा वाकला होता, माझ्या हाताकडे असे डोळे लावून बसला होता, की मला खरंच वाटलं, याला नाराज करायचं नाही. कुठून बळ आलं कोण जाणे. काटा रेघ ओलांडून पुढे गेला.

बाईंनी काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या पुष्करच्या डाव्या हाताकडे बघत होत्या.

टेबलावर ठेवलेला त्याचा डावा हात घट्ट मिटलेला होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

बाईंनी त्या मुठीवर हलकेच बोटं ठेवली. "उघड."

त्याने मूठ उघडली. तळव्यावर नखांचे चंद्र उमटले होते.

...

पुष्करने हात उलटासुलटा करून पाहिला. मग त्याने मला विचारलं, "मी रोज असंच करायचो?"

"ओरडतही होतास. तुझं 'शाब्बास आजी' ग्रंथालयात ऐकू जायचं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला? आणि सांगायचं?"

यावर त्याने एरवी मला सोडलं नसतं. आज तो बाईंकडे वळला. हळूच म्हणाला, "म्हणजे मी लबाडी केली, बाई?"

"छे रे. तू त्यांना जीव लावलास," बाई म्हणाल्या. "निम्म्यांना."

मला हसू आलं, आणि त्याच वेळी त्याची दयाही आली. प्रबंध उचलून तो निघून गेला. मला वाटलं, आता हा थेट कुलगुरूंकडे जाऊन बाईंची तक्रार करणार.

तो कुलगुरूंकडे गेला खरा. पण घोषणा थांबवा, हे सांगायला. आत काय बोलणं झालं ते त्याने आम्हाला सांगितलं नाही. परत आला तेव्हा कान लाल झाले होते, मान मात्र ताठ होती. त्या दिवशी मला तो पहिल्यांदाच आवडला.

"पुन्हा करतो," तो बाईंना म्हणाला.

मध्ये काही महिने जाऊ दिले, म्हणजे आधीच्या कॅप्सूलचा काही असर असलाच तर ओसरावा. चिठ्ठ्या नव्याने टाकल्या. कॅप्सूल या वेळी औषधनिर्माण विभागाने भरल्या आणि कुणाला काय मिळतंय हे त्यांनी आपल्यापाशीच ठेवलं. पुष्करला माहीत नाही, मला माहीत नाही, बाईंनाही नाही. मुठी मोजायला मी बसले.

पुष्करला काम उरलं नाही. मग तो बाहेर पायऱ्यांवर बसून आलेल्या सगळ्यांना चहा द्यायला लागला. कुणाला साखर चालत नाही, कुणाला आलं हवं, सारं त्याला पाठ झालं. गंमत म्हणजे तो आता सगळ्यांशीच गोड बोलत होता. बोलणार नाही तर काय, कोण शेवग्याचं हे कळायला मार्गच नव्हता!

गावातल्या हौसाबाई आजींना मात्र हा बदल मुळीच पसंत पडला नाही. "ही पोरगी तोंडात मिठाची गुळणी धरून बसतीया," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "त्यो वरडणारा बरा हुता. हाताला जोर यायचा बघा."

पुष्करने हातातली किटली खाली ठेवली. "ऐकलं, आजी," तो म्हणाला आणि मोठ्याने हसला. मग आम्ही सगळेच हसलो.

शेवटी औषधनिर्माण विभागाने गट उघड केले. पुष्करने आकडे मांडले, तपासले, मला तपासायला दिले. हो, मला दिले! मग नव्याने लिहिलेला प्रबंध घेऊन तो बाईंच्या खोलीत आला. दारात थांबला नाही. सरळ येऊन बसला.

"दोन्ही गट सारखेच निघाले, बाई."

"नीट सांग."

"शेवग्याच्या कॅप्सूलने मुठीची ताकद वाढते, असं दिसलं नाही. एवढ्या लोकांत, एवढ्या दिवसांत तरी नाही. इतर कशाला उपयोगी असेल तर मला ठाऊक नाही."

"कुलगुरूंना कळवलंस?"

"कळवलं. आता कॅप्सूल कुठल्याच वृद्धाश्रमात जाणार नाही."

"वाईट वाटलं?"

"खूप," पुष्कर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, पण ते त्याने लपवले नाहीत.

बाईंनी प्रबंध पुढे ओढला. चष्मा लावला. पहिल्या पानावर सावकाश, ठसठशीत सही केली.

पुष्कर गोंधळला. "पण बाई, यात काहीच निघालं नाही. सही कशावर करताय?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे वळल्या.

"हेमांगी, खाली जाऊन पेढे आण गं. पुष्करला शोध लागला."