ढिगातला मातीचा बैल

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका, सांगणाऱ्यालाच ठाऊक नाही!

नदीच्या वळणावर एक गाव होतं. तिथं कोंडाजी नावाचा कुंभार राहायचा. त्याच्या साच्यातले मातीचे बैल पंचक्रोशीत नावाजलेले. शिंगं तीच, वशिंड तेच, शेपटीचा गोंडासुद्धा तोच. शंभर बैल ओळीत मांडले, तर कोण कुठला ते ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये.

कोंडाजीला लेकीची दोन नातवंडं. मल्हारी म्हणजे वारं प्यालेलं वासरू. हातात दिलेली वस्तू संध्याकाळपर्यंत धड राहील तर शपथ! आणि त्याची बहीण सगुणा दिवसभरात चार शब्द बोलली तरी पुष्कळ.

त्या साली जावयाला डोंगरापलीकडं जमीन मिळाली. महिन्याभरात लेक बिऱ्हाड घेऊन निघणार होती. पुन्हा कधी येणं होईल, देव जाणे. गावची रीत अशी, की नातवंड दूर निघालं की आजोळच्या माणसानं स्वतःच्या हातानं घडवलेलं काहीतरी त्याच्यासोबत द्यायचं. कोंडाजीच्या मनात एकच धास्ती होती. पोरं आपल्याला विसरली तर?

म्हणून त्यानं काय केलं, तर एका साच्यातून दोन बैल काढले, भाजले आणि दोघांच्या हातांत एकेक ठेवला. "दोघांना अगदी सारखे! उगीच भांडण नको."

मल्हारीनं दुपारच्या आत बैलाचं शिंग मोडून आणलं. सगुणाचा बैल तर कुठं दिसेचना.

"काय गं, तुझा बैल कुठाय?"

तिनं बाजारासाठी रचलेल्या ढिगाकडं बोट केलं. "त्यात ठेवला."

"अगं वेडे, तो तुझा होता!"

"मग यातला माझा कुठला, सांगा ना आबा."

कोंडाजी ढिगाशी उकिडवा बसला. एक उचलला, दुसरा उचलला. घाम फुटला, पण सांगता येईना. मग तो चिडला आणि चुलीपाशी जाऊन बायकोजवळ कुरकुरू लागला, "पोरीला कशाची किंमत नाही!"

भाकरी थापता थापता चिमाई म्हणाली, "पोरीला नावं ठेवू नका. ती दिवसभर काय करते, सांगा बरं?"

कोंडाजी डोकं खाजवू लागला.

"बघा! जन्मभर मातीची पारख केलीत, घरच्या लेकरांची तेवढी राहिली की हो."

बोल जिव्हारी लागले. दोन दिवस त्यानं चाकाला हात लावला नाही. ओट्यावर बसून नुसता पोरांकडं पाहत राहिला. मल्हारीला काही मोडायचं नसायचं, त्याला फक्त हाती येईल ते गाडीसारखं पळवायचं असायचं. आणि सगुणा येता-जाता मडक्यांवर टिचकी मारायची, कान लावून ऐकायची. एकदा म्हणाली, "आबा, हा माठ आजारी आहे." कोंडाजीनं वाजवून पाहिलं. खरंच, केसाएवढी चीर होती!

त्याचा ऊर भरून आला. "अरे, ही तर माझ्यावर गेली, आणि मलाच पत्ता नाही!"

मग तो कामाला लागला. मल्हारीसाठी चार चाकांचा गाडा केला, चांगला जाडजूड, दणकट. सगुणासाठी इवली इवली वीस मडकी भाजली, एकेक वाजवून पाहिलं आणि त्यातली सात निवडली. सातांचे सात आवाज.

निघायचा दिवस उजाडला. मल्हारी गाडा ओढत गावाला तीन फेऱ्या मारून आला. सगुणा बैलगाडीत मडकी मांडून काडीनं वाजवत होती. गाडी हलणार, एवढ्यात तिनं खाली उडी मारली आणि धावत येऊन आबाच्या गळ्यात पडली.

"आबा, ते मोठं तुमच्यासारखं खोकतं! मधलं आजीसारखं रागावतं! आणि ते चपटं आहे ना, ते तुम्ही मला हाक मारता तस्सं. आता मला तिकडं करमेल."

पोर एका दमात एवढं बोलली, हे पाहून जावई तोंडात बोट घालून बघतच राहिला. कोंडाजीच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि त्यानं त्या पुसल्याही नाहीत.

पुढं त्याला आणखी नातवंडं झाली. प्रत्येकासाठी माती मळण्याआधी तो आठ दिवस त्या पोरामागं हिंडायचा.

तात्पर्य: सगळ्यांना सारखं देणं हा न्याय झाला, ज्याला त्याला ओळखून देणं ही माया.