चोचीत मावेल एवढं औषध

एका राज्यात रोग शंभर होते आणि गोळी एकच होती. कवठाएवढी, काळी, मधात वळलेली. राज्याचा मूळपुरुष म्हणे जबड्याने दांडगा होता. त्याच्या तोंडाच्या मापाने दगडी साचा कोरला गेला, आणि पुढे दुसरा कोणी कोरलाच नाही. मुळ्या बदलत, पाला बदले, साचा तोच. तान्ह्याला तोच, हत्तीलाही तोच. घशात अडकते असं कोणी म्हणालं, की थोर मंडळी छाती काढून सांगत, "आम्ही गिळली. तुम्हीही गिळा."

थोरांना एवढंच सांगता येत असे.

राजा प्रचंडसेनाला दोन मुलं. थोरली वैजयंता. तिने वैद्यशाळेत "हीच गोळी का?" असं विचारलं, म्हणून गुरुजींनी तिला दाराबाहेर उभं केलं. ती तिथून तशीच घरी आली, परत गेली नाही. धाकटा नीलध्वज, दुधाचे दात पडू लागलेला.

एकदा नीलध्वजाला खोकला झाला. भर दरबारात राजवैद्य महोदरशास्त्र्यांनी त्याच्या तोंडात गोळी कोंबली. कुमार गुदमरला, खोकला, आणि गोळी उडाली ती थेट पाहुण्या मांत्रिकाच्या, धूम्रकेशाच्या दाढीत. तीन न्हावी लावले, सुटेना.

धूम्रकेश उठला. "नको तो दाणा पाखरू टाकतं. तू पाखरूच हो! पुनवेचा चंद्र वर आला की उडशील, आणि माणसांत परतणार नाहीस."

संध्याकाळी पिसं फुटली. सकाळी चोच आली.

उतारा सर्वांना ठाऊक होता. चांदणवेलीचं मूळ. शास्त्र्यांनी ते खणून आणलं, कुटलं आणि साच्याकडे वळले.

"शास्त्रीबुवा, चोचीत कवठ कसं जाणार?"

"शास्त्राला चोच ठाऊक नाही, राजकन्ये. चोचीनेच शास्त्र जाणून घ्यावं."

वैजयंताने कुटलेलं मूळ पदरात बांधलं आणि रान गाठलं. तिथे चेटकीण सोमवल्ली सहाणेवर काही उगाळत बसली होती. दारावर मोठ्या चोचीचा धनेश पक्षी पहाऱ्याला.

"त्या दगडी साच्यावाल्यांपैकी दिसतेय," धनेश म्हणाला. "आपोआप गळ्यावर हात जातोय बघ."

सोमवल्लीने सगळं ऐकून घेतलं. "ज्याचं तोंड, त्याचं औषध. करून देईन. पण तीन गोष्टी आण. त्याचं खरं वजन. त्याला काय सोसत नाही, ते. आणि त्याचा होकार."

"एवढंच?"

"एवढंच कोणी आणत नाही, पोरी."

वैजयंता धनेशाच्या पाठीवर बसून परतली.

पहिलं काम वजनाचं. "महाराज, नीलचं वजन किती?"

"राजकुमाराला शोभेल इतकं," राजा म्हणाला.

"वजनाचं काय घेऊन बसलात?" शास्त्री हसले. "मात्रा कुळावर ठरते. सूर्यवंशाला अख्खी गोळी. चंद्रवंशाला अख्खी गोळी."

"बाकीच्यांना?"

"अख्खी."

तिने भावाला उचललं आणि मुदपाकखान्यातल्या तराजूत बसवलं. दुसऱ्या पारड्यात लाल भोपळा ठेवला, तो दाणकन खाली गेला. पोराची हाडं पोकळ होत चालली होती. शेवटी एका दुधी भोपळ्याने तोल साधला. तो दुधी तिने काखेत मारला.

दुसरं काम. ती दरबारात उभी राहिली. "गोळीतलं काय बाधतं? ज्यांनी गिळली आहे त्यांनी सांगावं."

महामंत्री छताकडे पाहू लागले. सेनापतींना अचानक बुटात खडा सापडला.

"राजवाड्यामागच्या तळ्यातले मासे दोनदोनशे वर्षं जगतात," धनेश म्हणाला. "एकालाही कधी पडसं नाही. कशामुळे बरं?"

"मी गालात धरायचो," राजा पुटपुटला. "मग तळ्याकडे फेरी मारायला जायचो."

"सगळेच?"

सगळेच.

"आणि आमच्या घशात का कोंबलीत?"

"वळण लागावं म्हणून," महामंत्री म्हणाले.

तेवढ्यात खिडकीवरून नीलचा बारीक आवाज आला. "मधाने माझी जीभ सुजते. कितीदा सांगितलं शास्त्रीबुवांना."

"मग? काय म्हणाले?"

"थोरांपुढे बोलू नये, म्हणाले."

तिसरं काम उरलं. होकार. आणि पुनव त्याच दिवशी होती.

"मला नकोच औषध," नीलध्वज म्हणाला. "मी उडणार."

"सांगा गोड आहे म्हणून," शास्त्री कुजबुजले. "पोरं फसतात."

वैजयंता खिडकीशी बसली. "नील, औषध कडू असेल. उडण्यात मजा असेल, तेही खरं. पण तू गेलास की मला ह्या लोकांत एकटीला राहावं लागेल."

नीलध्वजाने मान तिरकी करून दरबार न्याहाळला. महामंत्री जांभई देत होते. शास्त्री नाक कोरत होते.

"ह्या सगळ्यांत?"

"ह्या सगळ्यांत."

त्याने चोचीने पंखातलं एक पीस सरळ केलं. "कैरीसारखं आंबट करून मिळेल?"

"विचारते."

"मग हो."

वैजयंताला पाठीवर घेऊन धनेश उडाला. सोमवल्लीने दुधी हातात तोलला आणि तेवढंच मूळ मोजून घेतलं. मध वगळला. कैरीच्या रसात खल केला आणि ज्वारीएवढे दाणे वळले. "चोचीला टिपता येईल तेच चोचीचं औषध," ती म्हणाली. "सगळे खायला हवेत."

वैजयंता परतली तेव्हा चंद्र उगवायच्या बेतात होता, पूर्वेकडे उजळू लागलं होतं. नीलध्वज गच्चीच्या कठड्यावर, पंख उघडून.

"कुमार! राजाज्ञा आहे, खा!" राजा ओरडला. कुमार दचकून कडेला सरकला.

"तोंडं मिटा सगळ्यांनी!" वैजयंता म्हणाली आणि तळहात पुढे केला.

त्याने एक दाणा टिपला. दुसरा टिपला. आंबट लागलं तसा भराभरा टिपू लागला. शेपूट गळली, पंखांची पिसं वाऱ्यावर गेली, चोच मऊ पडून ओठ झाले. शेवटचे दाणे त्याला दातांनी चावावे लागले.

"कडू आहे!"

"सांगितलं होतं."

चंद्र वर आला. नीलध्वजाने हात पसरून एकदा हलवून पाहिले. काही झालं नाही. मग तो रडला, आणि वैजयंताने त्याला रडू नको म्हटलं नाही. उचलून कठड्यावरून खाली घेतलं.

राजा घुटमळत जवळ आला. "बाळ... आता कसं वाटतंय?"

"आत्ता विचारताय?" नीलध्वज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली, की ह्यापुढे रोग्याला विचारल्याखेरीज औषध वळायचं नाही. सोमवल्लीची सहाण राजवाड्यात आली आणि पहिल्याच सकाळी वेशीपर्यंत रांग लागली. शाप सुटला, राज्य ताळ्यावर आलं. थोर मात्र थोरच राहिले. त्यावरचा उतारा अजून कुठल्या रानात सापडलेला नाही.