सराव बंद, जिलबी चालू

फार पूर्वी कापसाच्या एका पेठेत एक बाई राहत असे. आग लागली तर काय करायचे, हे लोकांना शिकवणे हा तिचा धंदा. दर सहा महिन्यांनी ती घंटा वाजवी आणि शेठ, मुनीम, हमाल अशा सगळ्यांना विहिरीपासून वखारींपर्यंत रांगेत उभे करून हातोहात बादल्या फिरवायला लावी. जागा सोडणारा शेठ असो की हमाल, तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. सराव संपला की पेठेतर्फे सगळ्यांना गरम जिलबी. पोरे तिला बादलीमावशी म्हणत.

एका वर्षी मंदी आली. कापसाला गिऱ्हाईक मिळेना, वखारी छतापर्यंत भरल्या. खर्च कुठे कमी करायचा म्हणून पंच बसले, आणि सगळ्यांच्या आधी त्यांना आठवली ती मावशी.

"मावशी, इतक्या वर्षांत आग लागली कुठे?" पेठेचे मुख्य शेठ म्हणाले.

"दोनदा लागली होती, शेठ. लगेच विझली, म्हणून तुमच्या लक्षात नाही. यंदा तर माल पडून आहे आणि उद्या राखणदारही तुम्ही कमी कराल. सराव हवा तो आत्ताच!"

"मंदी सरू द्या, मग तुम्हालाच बोलावू."

मावशी घरी बसली. पण गंमत पाहा, जिलबी काही बंद झाली नाही! लोकांचा उत्साह टिकायला हवा, म्हणे. शिकवणारीला द्यायला पैसा नाही, तळायला मात्र आहे. अशा शहाण्यांना काय म्हणावे?

ठरल्या दिवशी वखारींसमोरच भट्टी पेटली. वारा सुटला, एक ठिणगी उडाली आणि कापसाने पेट घेतला. सगळे एकदम विहिरीवर धावले. रहाटाशी धक्काबुक्की झाली, अर्ध्या बादल्या वाटेतच सांडल्या. मुख्य शेठ ओट्यावरून ओरडत होते, "मावशीला बोलवा! मागेल ते देऊ!"

निरोप ऐकून मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जळू दे मेल्यांचे, असेही तिच्या मनात आले. पण वखारींच्या भिंतींना टेकूनच हमालांची घरे होती. ती घंटा घेऊन धावली. घंटा ऐकताच हमाल आपापल्या जुन्या जागी गेले आणि रांग लागली. घरे वाचली. मुख्य शेठांची वखार मात्र गेली.

दुसऱ्या दिवशी पंच हात जोडून दारात हजर. "मावशी, आता रोज सराव घ्या!"

"रोज नको. तेजीत पूर्वीसारखा, मंदीत दुप्पट."

मुख्य शेठ घुटमळले. "मंदीत दुप्पट म्हणजे... थोडे कमी-जास्त करा की."

"शेठ, तुमच्या वखारीची राख अजून गरम आहे!" मावशी कडाडली. "आणि तुम्ही माझ्याशी घासाघीस करता? काही लाज?"

तिने तिथेच घंटा वाजवली. हमाल घरांतून बाहेर आले आणि रांगेत उभे राहिले. पंच एकेक करून त्यांच्यात मिसळले. सगळ्यांत शेवटी मुख्य शेठ खाली मान घालून आले. त्यांच्या वाट्याला रहाट ओढायची जागा आली. त्या दिवशी जिलबी कोणी मागितली नाही.

तात्पर्य: वाईट दिवसांत काटकसर जरूर करावी, पण ती जिलबीत करावी, सावधपणात नव्हे.